पोर्टलंड विद्यापीठाचे पुरुष व महिला फुटबॉल संघ : दोन संघ, एक मैदान, एक गुरू

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन हे राज्य आहे. तेथील पोर्टलंड शहरात, विलॅमेट नदीच्या काठच्या उंच टेकाडावर पोर्टलंड विद्यापीठ वसलेले आहे. होली क्रॉस या व्रतस्थ संस्थेच्या परंपरेतील हे कॅथलिक विद्यापीठ आकाराने लहान असून त्याची विद्यार्थिसंख्या काही हजारांच्या घरातच आहे. तरीही फुटबॉलच्या क्षेत्रात या विद्यापीठाने अमेरिकेतील बलाढ्य विद्यापीठांच्या बरोबरीने स्थान मिळविले. तेथील पुरुष व महिला हे दोन्ही संघ चौदा वर्षे एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली घडले. मुलांच्या संघाला आणि मुलींच्या संघाला एकाच मापाने मोजणाऱ्या त्या गुरूची व त्याने उभारलेल्या परंपरेची ओळख या लेखात करून दिली आहे.

विद्यापीठाची पार्श्वभूमी

ओरेगनचे आर्चबिशप अलेक्झांडर क्रिस्टी यांनी १९०१ साली ही शिक्षणसंस्था स्थापन केली. तिचे मूळ नाव कोलंबिया विद्यापीठ असे होते. १९०२ मध्ये होली क्रॉस संस्थेच्या धर्मगुरूंनी व ब्रदरांनी तिची जबाबदारी स्वीकारली आणि १९३५ मध्ये तिला पोर्टलंड विद्यापीठ हे आजचे नाव मिळाले. १९५१ पासून सर्व विद्याशाखांची दारे मुलींसाठी खुली झाली.

होली क्रॉस संस्थेची स्थापना फादर बेसिल मोरो यांनी १८३७ साली फ्रान्समध्ये केली. २००७ साली फादर मोरो यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. बुद्धीची मशागत करताना हृदयाची हेळसांड होऊ देऊ नये, हे त्यांच्या शिक्षणविचाराचे सार होय. इंडियाना राज्यातील सुप्रसिद्ध नोटर डेम विद्यापीठही याच संस्थेने उभारलेले आहे. या दोन भावंडांची गाठ पुढे फुटबॉलच्या मैदानावर पडली, तो प्रसंग यथावकाश येईलच.

'सॉकर' म्हणजे आपला फुटबॉल

आपण ज्या खेळाला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत 'सॉकर' म्हणतात. तेथे 'फुटबॉल' हे नाव एका निराळ्या खेळाला आहे. त्यात लांबट चेंडू हाताने फेकला जातो आणि खेळाडू शिरस्त्राण घालून उतरतात. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत शरद ऋतूतील सारा उत्साह, पैसा आणि प्रेक्षकवर्ग हा अमेरिकन फुटबॉलच ओढून घेतो. पोर्टलंड विद्यापीठाने मात्र १९४९ च्या हंगामानंतर तो खेळ बंद केला. त्यामुळे ऑगस्ट ते डिसेंबर या काळात तेथील विद्यार्थ्यांच्या कौतुकाचा धनी सॉकर हाच खेळ झाला. या लेखात यापुढे फुटबॉल हा शब्द आपल्या नेहमीच्याच अर्थाने वापरला आहे.

विद्यापीठीय फुटबॉलची रचना

अमेरिकेत विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचे नियमन एक राष्ट्रीय संघटना करते. 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन' असे तिचे नाव आहे. तिच्या पहिल्या श्रेणीत पोर्टलंडचे संघ खेळतात. या संघांना 'पायलट्स' असे टोपणनाव असून त्यांचा रंग जांभळा आहे. प्रारंभी 'वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स' या विभागीय गटातील सामने होतात. त्यानंतर गटविजेते व निवडलेले अन्य संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. आजच्या पद्धतीनुसार पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ४८ आणि महिलांच्या स्पर्धेत ६४ संघांना प्रवेश मिळतो. ही स्पर्धा बाद पद्धतीची असते, म्हणजे एक पराभव झाला की हंगाम संपतो. शेवटच्या चार संघांच्या टप्प्याला 'कॉलेज कप' म्हणतात.

महिलांच्या स्पर्धेत संघ अधिक का, असा प्रश्न वाचकांना पडेल. याचे उत्तर एका कायद्यात आहे. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत 'टायटल नाइन' या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी अर्थसाह्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेदभाव करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. हे तत्त्व खेळालाही लागू झाले. अमेरिकन फुटबॉलमध्ये मुलांच्या कितीतरी जागा खर्ची पडत असल्याने समतोल राखण्यासाठी विद्यापीठांनी मुलींचे नवे संघ काढले आणि त्यांत फुटबॉलला मोठे स्थान मिळाले. शिष्यवृत्तींच्या मर्यादेतही हेच दिसत असे. दीर्घकाळ पहिल्या श्रेणीतील पुरुष फुटबॉल संघाला ९.९, तर महिला संघाला १४ पूर्ण शिष्यवृत्तींइतकी रक्कम देता येई. ही रक्कम प्रशिक्षक अनेक खेळाडूंत विभागून देत. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तींची ही मर्यादा उठली. तिच्याऐवजी फुटबॉल संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू असावेत, असा नियम आला.

कायद्याने संधीची दारे उघडली, हे खरे. परंतु संधी आणि सन्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा संघ काढायला लावू शकतो, पण त्या संघाकडे मनापासून लक्ष देणारा माणूस कायद्याने निर्माण होत नाही. पोर्टलंडला असा माणूस लाभला.

क्लाइव्ह चार्ल्स

क्लाइव्ह चार्ल्स यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९५१ रोजी लंडनच्या पूर्व भागात, गोदीकामगारांच्या वस्तीत झाला. त्यांचे थोरले बंधू जॉन हे वेस्ट हॅम युनायटेड या क्लबचे खेळाडू होते. क्लाइव्हही त्याच क्लबमध्ये बचावपटू म्हणून दाखल झाले. १ एप्रिल १९७२ रोजी टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात वेस्ट हॅमने क्लाइव्ह चार्ल्स, क्लाइड बेस्ट व एड कोकर या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना एकाच वेळी मैदानात उतरविले. इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत असे प्रथमच घडत होते. त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रेक्षकांकडून होणारी हेटाळणी सर्वश्रुत आहे. पुढे चार्ल्स वेल्समधील कार्डिफ सिटी क्लबकडून खेळले व त्याचे कर्णधारही झाले.

१९७८ मध्ये ते पोर्टलंड टिंबर्स या व्यावसायिक संघाकडून खेळण्यासाठी अमेरिकेत आले आणि हेच शहर त्यांचे घर झाले. १९८६ मध्ये पोर्टलंड विद्यापीठाने पुरुष संघाची धुरा त्यांच्याकडे सोपविली. १९८९ मध्ये महिला संघाची जबाबदारीही त्यांनी स्वीकारली. दोन्ही संघांचा हंगाम एकाच वेळी चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचा भार उमगतो. एकाच आठवड्यात दोन्ही संघांचे सामने, दोघांचे प्रवास, दोघांची निवड, दोघांचे जय-पराजय, आणि या साऱ्याची जबाबदारी एका माणसावर. या कामात बिल अर्विन आणि गॅरेट स्मिथ हे सहायक त्यांच्या सोबतीला होते.

मेर्लो मैदान

१९९० साली विद्यापीठाच्या आवारात हॅरी मेर्लो मैदान तयार झाले. ओरेगनमधील लाकूड व्यवसायातील उद्योजक हॅरी मेर्लो यांचे नाव त्यास दिलेले आहे. सुमारे ४,९०० प्रेक्षकांची सोय असलेले हे मैदान केवळ फुटबॉलसाठी आहे आणि ते दोन्ही संघांचे घर आहे. मुलांसाठी मुख्य मैदान आणि मुलींसाठी कोपऱ्यातली जागा, असा प्रकार येथे नाही. गोलामागे उभे राहून व्हिला मारिया वसतिगृहातील मुलांचे ढोलपथक दोन्ही संघांसाठी सारख्याच जोमाने ढोल बडवते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महिला संघाच्या सामन्यांना येणाऱ्या प्रेक्षकांच्या सरासरीत हे लहानसे विद्यापीठ अनेक वर्षे देशात आघाडीवर होते.

वाटचाल आणि हुलकावण्या

चार्ल्स यांच्या मार्गदर्शनाखाली पुरुष संघाने १९८८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. त्या संघाचा गोलरक्षक केसी केलर पुढे इंग्लंड, स्पेन व जर्मनी येथील क्लबांकडून खेळला आणि चार विश्वचषक स्पर्धांसाठी अमेरिकेच्या संघात निवडला गेला.

महिला संघाची भरारी याहून मोठी ठरली. १९९४ ते २००२ या नऊ वर्षांत या संघाने सात वेळा शेवटच्या चार संघांत स्थान मिळविले. १९९५ हे वर्ष तर संस्मरणीय होते, कारण त्या वर्षी विद्यापीठाचे दोन्ही संघ उपांत्य फेरीत पोहोचले. पुरुष संघाचा प्रवास तेथेच थांबला. महिला संघ मात्र अंतिम सामन्यात दाखल झाला आणि समोर उभे राहिले ते नोटर डेम विद्यापीठ. होली क्रॉस संस्थेने घडविलेली दोन विद्यापीठे राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी झुंजत होती. नियमित वेळेत गोल झाला नाही. अखेर तिसऱ्या जादा वेळेत नोटर डेमच्या सिंडी डॉज हिने फ्री किकवर गोल केला आणि पोर्टलंडचे स्वप्न १-० अशा फरकाने भंगले.

त्या काळातील दोन खेळाडूंची नावे अमेरिकेच्या क्रीडा-इतिहासात कायमची नोंदली गेली. टिफनी मिलब्रेट हिने विद्यापीठासाठी १०३ गोल केले. शॅनन मॅकमिलन हिला १९९५ साली देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय महिला खेळाडूसाठीची हर्मन ट्रॉफी मिळाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धेत नॉर्वेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जादा वेळेतील निर्णायक गोल मॅकमिलनने, तर चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यातील विजयी गोल मिलब्रेटने केला. एका लहान कॅथलिक विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनींनी आपल्या देशाला सुवर्णपदकापर्यंत नेले.

आजार आणि अजिंक्यपद

२००० साली चार्ल्स हे अमेरिकेच्या २३ वर्षांखालील पुरुष संघाचे प्रशिक्षक म्हणून सिडनी ऑलिम्पिकला गेले. तो संघ चौथा आला. त्याच वर्षी त्यांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. उपचार चालू असतानाही त्यांनी विद्यापीठाचे काम सोडले नाही.

२००२ च्या हंगामात महिला संघ पुन्हा एकदा कॉलेज कपमध्ये पोहोचला. यापूर्वी सहा वेळा या टप्प्यावरून तो रिकाम्या हाताने परतला होता. ८ डिसेंबर २००२ रोजी टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी होता आदल्या वर्षीचा विजेता सांता क्लारा विद्यापीठाचा संघ. येशूसंघीय धर्मगुरूंनी कॅलिफोर्नियात स्थापन केलेले हे विद्यापीठ पोर्टलंडच्याच विभागीय गटातील आहे. म्हणजे याही वेळी दोन कॅथलिक विद्यापीठे आमनेसामने होती. १-१ अशा बरोबरीनंतर सामना जादा वेळेत गेला. पहिल्या जादा वेळेतही निर्णय लागला नाही. दुसऱ्या जादा वेळेत क्रिस्टीन सिंक्लेअर हिने आपला व संघाचा दुसरा गोल केला आणि सामना तेथेच संपला. पोर्टलंड विद्यापीठाला फुटबॉलमधील पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले. आजाराने थकलेल्या गुरूच्या हयातीत हे घडले, याचे मोल त्या मुलींना ठाऊक होते.

पुढचा हंगाम पाहणे चार्ल्स यांच्या नशिबी नव्हते. २६ ऑगस्ट २००३ रोजी वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन्ही संघ मिळून त्यांच्या नावावर ४३९ विजयांची नोंद आहे. मेर्लो मैदानाच्या परिसराला आता त्यांचे नाव देण्यात आले आहे.

गुरूनंतर

चार्ल्स यांच्या पश्चात दोन्ही संघांना स्वतंत्र प्रशिक्षक मिळाले, तेही त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. पुरुष संघ बिल अर्विन यांच्याकडे आणि महिला संघ गॅरेट स्मिथ यांच्याकडे सोपविण्यात आला. २००५ मध्ये महिला संघाने एकही सामना न गमावता हंगाम पूर्ण केला. २३ विजय व २ बरोबरी अशी त्या वर्षाची नोंद आहे. उपांत्य सामन्यात पेन स्टेट विद्यापीठावर पेनल्टींद्वारे मात केल्यावर अंतिम सामन्यात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ४-० असा पराभव करून संघाने दुसरे अजिंक्यपद पटकाविले. सिंक्लेअरने त्या एका हंगामात ३९ गोल केले.

कॅनडातील बर्नबी गावची ही मुलगी पोर्टलंडमध्ये ११० गोल करून बाहेर पडली आणि २००४ व २००५ अशी सलग दोन वर्षे हर्मन ट्रॉफीची मानकरी ठरली. आपल्या देशाकडून खेळताना तिने १९० गोल केले. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये पुरुष वा महिला, कोणत्याही खेळाडूने तिच्या निवृत्तीपर्यंत एवढे गोल केलेले नव्हते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये कॅनडाने सुवर्णपदक जिंकले तेव्हा ती कर्णधार होती. पोर्टलंडचीच माजी विद्यार्थिनी सोफी श्मिट त्या संघात तिच्यासोबत होती. २००५ च्या विजेत्या संघात पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणून खेळलेली मेगन रॅपिनो पुढे २०१५ व २०१९ अशा दोन विश्वविजेत्या अमेरिकन संघांत चमकली.

पुरुष संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाने हुलकावणी दिली असली, तरी त्यानेही नामवंत खेळाडू घडविले. स्टीव्ह चेरुंडोलो १९९९ साली जर्मनीतील हॅनोव्हर ९६ या क्लबमध्ये दाखल झाला, संपूर्ण व्यावसायिक कारकीर्द त्याच क्लबमध्ये राहिला आणि त्याचा कर्णधारही झाला. प्रशिक्षक या नात्याने त्याने २०२२ मध्ये लॉस एंजेलिस एफसी संघाला अमेरिकेच्या व्यावसायिक साखळीचे विजेतेपद मिळवून दिले.

२०१७ च्या हंगामानंतर महिला संघाची सूत्रे मिशेल फ्रेंच यांच्याकडे आली. १९९० च्या दशकात त्या स्वतः चार्ल्स यांच्या संघातून खेळल्या होत्या आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या रौप्यपदक विजेत्या संघात होत्या. गुरूने मुलींच्या संघाला दिलेला वेळ अशा रीतीने एका पिढीनंतर विद्यापीठाकडे परत आला.

महत्त्वाच्या तारखा

१९०१ – आर्चबिशप क्रिस्टी यांच्याकडून शिक्षणसंस्थेची स्थापना
१९०२ – होली क्रॉस संस्थेकडे जबाबदारी
१९५१ – सर्व विद्याशाखांत मुलींना प्रवेश
१९८६ – क्लाइव्ह चार्ल्स पुरुष संघाचे प्रशिक्षक
१९८८ – पुरुष संघ प्रथमच राष्ट्रीय उपांत्य फेरीत
१९८९ – महिला संघाची जबाबदारीही चार्ल्स यांच्याकडे
१९९० – मेर्लो मैदानाचा प्रारंभ
१९९५ – दोन्ही संघ उपांत्य फेरीत. महिला संघ उपविजेता
२००२ – महिला संघाला पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद
२००३ – क्लाइव्ह चार्ल्स यांचे निधन
२००५ – महिला संघाला दुसरे राष्ट्रीय अजिंक्यपद

समारोप

पोर्टलंडच्या यशाची कारणे शोधू गेल्यास काही गोष्टी स्पष्ट दिसतात. अमेरिकन फुटबॉल नसल्यामुळे विद्यापीठाचे लक्ष विभागले गेले नाही. कायद्यामुळे मुलींना संधी मिळाली. स्वतंत्र मैदान लाभले. परंतु ही अनुकूलता अमेरिकेतील इतरही अनेक संस्थांना होती. पोर्टलंडचे वेगळेपण असे, की तेथे मुलींचा संघ हा नियमाची पूर्तता म्हणून चालविला गेला नाही. ज्या माणसाने स्वतः तारुण्यात रंगामुळे दुजाभाव करणारे जग पाहिले होते, त्याने आपल्या मैदानावर दुजाभावाला जागा ठेवली नाही. जो प्रशिक्षक मुलांना, तोच मुलींना. जे मैदान त्यांचे, तेच यांचे. आणि ढोलही दोघांसाठी एकच.

आपल्या धर्मग्रामांतही सुट्टीच्या दिवसांत चर्चच्या पटांगणावर युवकांचे सामने भरतात. त्या पटांगणावर मुलींसाठीही चेंडू, वेळ आणि शिकविणारे कोणी आहे काय, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारण्याजोगा आहे. ११० गोल करणारी मुलगीही कधीकाळी मैदानाच्या कडेला उभी असलेली एक लहान मुलगीच होती. तिला कोणीतरी आत बोलाविले, म्हणून पुढचे सारे घडले.